शब्दांची शिदोरी : रीतसर म्हणजे काय हो, काका?

गेल्या आठवड्यात आपण 'चावडी' या शब्दावर बसून गप्पा मारल्या. तुमची पत्रं पण भरपूर आली. त्यातल्या एका पत्राने मात्र मला दोन दिवस गप्प बसवलं. आज त्याचंच उत्तर द्यायचंय.

पत्र आहे वर्धा जिल्ह्यातल्या, देवळीकडच्या एका खेड्यातल्या मुलीचं. सातवीत आहे ती. नाव नको छापू म्हणाली, म्हणून छापत नाही. ती लिहिते :

"काका, दिवाळीनंतर माझे आजोबा वारले. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की माझी तेरवी करू नका, त्या पैशांतून गावच्या शाळेला पुस्तकं घेऊन द्या. बाबांनी तसंच केलं. पण परवा विहिरीवर शेजारची मोठीमाय मला म्हणाली, 'काहून वं पोरी, तुह्या बापानं तेरवी रीतसर नाही केली म्हणते?' मी घरी येऊन आजीला विचारलं. आजी काहीच बोलली नाही. काका, रीतसर म्हणजे नक्की काय? आमच्या आजोबांना रीतसर निरोप मिळाला की नाही?"

पाहिलंत? शब्दाचा अर्थ विचारलाय, पण प्रश्न साध्या शब्दार्थाचा नाही. शब्दकोश उघडून 'रीतसर म्हणजे नियमाप्रमाणे' असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण या मुलीला तेवढ्याने काय मिळणार? म्हणून आज जरा लांबचा फेरा घेऊ. चला माझ्याबरोबर.

आधी शब्द सोडवू. रीत अधिक सर. 'रीत' आली संस्कृतातल्या 'रीति'वरून. आणि 'रीति'च्या मुळाशी धातू आहे 'री', म्हणजे वाहणे! ऋग्वेदात 'रीति' हा शब्द चक्क प्रवाह, धार या अर्थाने येतो. आधी पाण्याचा वाहण्याचा मार्ग, मग माणसांचा चालण्याचा मार्ग, मग वागण्याची पद्धत. अशी ही रीत वाहत वाहत आपल्या घरात आली. मागे जोडलेला 'सर' इथे 'च्याप्रमाणे' असं सांगतो. (मात्र 'ओलसर', 'काळसर' मधला 'सर' सांगतो 'थोडासा'. 'रीतसर' म्हणजे 'थोडीशी रीत' नव्हे हं!)

आणि विदर्भातल्या वाचकांनी इथे जरा कॉलर ताठ करावी. संस्कृतात कविता लिहिण्याच्या पद्धतीलाही 'रीती' म्हणतात. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी वामन नावाचे एक पंडित होऊन गेले. रीती हाच काव्याचा आत्मा, असं त्यांचं मत. त्यांनी तीन रीती सांगितल्या : वैदर्भी, गौडी आणि पांचाली. त्यात सगळे गुण असलेली पहिल्या नंबरची कोणती? वैदर्भी! म्हणजे आपल्या विदर्भाच्या नावाची.

आता जाऊ या थेट रोमला. प्राचीन रोमन लोकांची भाषा लॅटिन. त्या भाषेत एक छोटंसं क्रियाविशेषण आहे. त्याचा उच्चार ऐका : 'रीते'. आहे की नाही गंमत? आणि अर्थ? 'योग्य विधीने, रीतसर'! इंग्रजीतला 'राइट', म्हणजे धार्मिक विधी, आणि 'रिच्युअल' हे शब्द याच घराण्यातले.

तुम्ही म्हणाल, "मग काय काका, रीत आणि रीते सख्ख्या बहिणी!" थांबा. चेहरा सारखा म्हणून नातं असतंच असं नाही. आपली रीत 'वाहणे' या धातूपासून आली. लॅटिन 'रीते'चं मूळ मात्र बरेच भाषापंडित 'मोजणे' या अर्थाच्या जुन्या धातूशी जोडतात. ग्रीक भाषेत संख्येला 'अरिथमोस' म्हणतात, आणि तुमच्या इंग्रजी माध्यमातल्या दोस्तांचं 'अरिथमॅटिक' तिथूनच आलं. तोही शब्द याच कुळातला मानतात. म्हणजे एक वाहणारी आणि एक मोजणारी. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला लागणार आहे.

रोमन माणूस देवाचं काही करायला बसला की अगदी मोजून मापून करायचा. मोठ्या अधिकाऱ्याने प्रार्थना म्हणायची तर एक माणूस पोथीतून आधी शब्द सांगणार, दुसरा चुका होतात का त्यावर लक्ष ठेवणार, तिसरा सगळ्यांना गप्प बसवणार, आणि एक जण पावा वाजवत राहणार. कशाला? तर मधेच दुसरा कुठला आवाज कानावर पडू नये म्हणून! एवढं करूनही चूक झालीच, तर? पुन्हा पहिल्यापासून. प्लूटार्क नावाच्या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलंय की रोमन लोकांनी एकदा एकच यज्ञ तीस वेळा केला, कारण दर वेळी काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. तुम्ही शुद्धलेखन पाच वेळा लिहिताना कुरकुरता ना? तिकडे तीस वेळा!

असं जे बिनचूक पार पडलं ते 'रीते' झालं. पुढे हा शब्द देवळातून बाहेर पडला. 'योग्य तऱ्हेने', 'नेहमीप्रमाणे', 'जसं व्हायला हवं तसं' या अर्थांनी रोमन लोक तो वापरू लागले. मग तो न्यायालयात गेला. वकील मंडळींचं एक जुनं लॅटिन वचन आहे : 'ओम्निया प्रेसुमुंतुर रीते एस्से आक्ता'. म्हणजे, सगळी कामं रीतसर झाली असंच आधी गृहीत धरायचं. आपल्या देशाच्या १८७२ च्या पुरावा कायद्यातही हा विचार होता. सरकारी आणि न्यायालयीन कामं नियमाप्रमाणे झाली असं न्यायालय धरून चालू शकतं. मात्र ज्याला ते पटत नसेल त्याने पुरावा आणावा. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यातही हे कलम आहेच.

देऊळ आणि न्यायालय, दोन्हीकडे एकच शब्द? नवल वाटायला नको, आपल्याकडेही तसंच आहे. लग्नाचा 'विधी' आणि 'विधिमंडळ' किंवा 'विधी महाविद्यालय' यांत एकच शब्द आहे. 'वि' आणि 'धा' मिळून विधी, म्हणजे नीट लावून ठेवणं, घालून देणं. पूजा कशी करायची ते घालून दिलं, तो विधी. राज्य कसं चालवायचं ते घालून दिलं, तोही विधी.

आता सगळ्यात मजेशीर भाग. जर्मनीत विद्यापीठातून डॉक्टरेट मिळते तेव्हा तिच्यावर लॅटिनमध्ये श्रेणी लिहायची पद्धत आहे. सगळ्यात वर 'सुम्मा कुम लाउदे', म्हणजे सर्वोच्च प्रशंसेसह. त्याखाली 'माग्ना कुम लाउदे', मग नुसतं 'कुम लाउदे'. आणि सगळ्यात खाली, नुसतं पास? तिथे लिहितात 'रीते'! म्हणजे बाबा रे, तू सगळं नियमाप्रमाणे केलंस, चूक काही नाही, पण प्रशंसा करावी असंही काही नाही.

ज्या शब्दासाठी रोमन लोकांनी तीस तीस वेळा यज्ञ केला, त्याचा मान असा काठावर पास होण्यापर्यंत आला. का बरं? कारण नुसतं चुकायचं टाळणं म्हणजे चांगलं करणं नव्हे.

आपल्या मराठीची टोपलीही बघा ना. या एकाच गोष्टीसाठी आपल्याकडे किती शब्द! पण प्रत्येकाची जागा वेगळी :

यथाविधी किंवा विधिवत : जसा विधी सांगितला तसा. "गणपतीची विधिवत स्थापना झाली."

शास्त्रोक्त : शास्त्रात सांगितल्याप्रमाणे. हा शब्द पूजेलाही चालतो आणि गाण्यालाही. "ताई शास्त्रोक्त गाणं शिकते."

यथासांग : 'सांग' म्हणजे स-अंग, सगळ्या अंगांसह. काही राहिलं नाही, काही गाळलं नाही. "सगळं यथासांग पार पडलं," असं आजी समाधानाने म्हणते ना, ते हे.

साग्रसंगीत : सगळ्या तपशिलांसह, थाटात. पण हा शब्द थट्टेतही वापरतात. "दोन मार्क कमी पडले, तर बाबांनी साग्रसंगीत पूजा केली!"

रीतसर : नियमाने, योग्य मार्गाने. "रीतसर अर्ज करा," "रीतसर पावती घ्या." हाही कधीकधी उलटा फिरतो. "त्याने मला रीतसर गंडवलं!" म्हणजे अगदी पद्धतशीर.

आणि गंमत म्हणजे 'यथाविधी' मधलाच 'यथा' घेऊन आपण 'यथातथा' म्हणतो, म्हणजे जेमतेम! विधी गेला आणि नुसतं 'जसं तसं' उरलं की काय होतं, ते हा शब्दच सांगतो.

या टोपलीतला आणखी एक शब्द मी मुद्दाम मागे ठेवला होता. तो म्हणजे 'उपचार'. देवाच्या पूजेत सोळा उपचार असतात, षोडशोपचार. आसन द्यायचं, पाय धुवायचे, अंघोळ घालायची, वस्त्र द्यायचं, जेवू घालायचं. म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याची करतो तशी सेवा. आजारी माणसाची सेवा केली की तेही उपचार. मग 'केवळ उपचार म्हणून' आणि 'औपचारिक' हे शब्द कुठून आले? सेवा निघून गेली आणि हातवारे उरले, तिथून!

सेवाग्रामला गेलात तर बापू कुटीपासून जवळच एक छोटी झोपडी आहे, परचुरे कुटी. परचुरे शास्त्री संस्कृतचे मोठे पंडित. विधी, मंत्र, सगळं त्यांना अवगत. पण त्यांना कुष्ठरोग झाला. त्या काळी या रोगावर आजच्यासारखं औषध नव्हतं आणि लोक रोग्याची सावलीही टाळत. १९३९ च्या सुमारास ते सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमातच ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालीश केलं. तसा फोटोही आहे. (आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो, बरं का. भीती बाळगायचं काही कारण नाही.)

आता सांगा, उपचार या शब्दाचा अर्थ तिथे किती भरलेला होता? काठोकाठ!

आपल्या वर्ध्यात आणखीही दोन गोष्टी घडल्या आहेत, त्या या शब्दासाठी मुद्दाम सांगतो.

पहिली १९२८ सालची. वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिरात रोजची पूजाअर्चा व्यवस्थित चालायची. पण अस्पृश्य मानलेल्या लोकांना आत पाऊल टाकायची बंदी. तीही 'रीत'च होती. जुनी, सगळ्यांनी मानलेली. मंदिर होतं जमनालाल बजाज यांच्या घराण्याचं. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं केलं. विरोध पुष्कळ झाला. "हे रीतीला सोडून आहे," असंच विरोधक म्हणत होते. पण आज मागे वळून बघताना कोणाचं चुकलं असं तुम्हाला वाटतं? रीत म्हणजे प्रवाह ना? साचलं की पाणी खराब होतं. मग कोणीतरी फावडं घेऊन वाट मोकळी करावी लागते.

दुसरी १९४० सालची. दुसरं महायुद्ध चालू होतं. युद्धाविरुद्ध बोलायला इंग्रज सरकारची बंदी. गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि पहिला सत्याग्रही म्हणून निवडलं विनोबा भाव्यांना. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला विनोबांनी भाषण केलं. २१ तारखेला त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा झाली. यात लपवाछपवी काहीच नाही. या सत्याग्रहात आपण काय करणार ते उघड सांगायचं, आणि शिक्षा झाली की तक्रार न करता भोगायची. म्हणजे कायदा मोडायचा, पण तोही रीतसर! जमनालालजींनी वाईट रीत मोडली. विनोबांनी वाईट कायदा मोडताना चांगली रीत पाळली. दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात.

याच विनोबांनी आपल्या आईसाठी गीतेचा मराठीत अनुवाद केला, 'गीताई'. ७ ऑक्टोबर १९३० ला सुरुवात केली आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला पूर्ण केला. वर्ध्याला गोपुरीत गीताई मंदिर आहे. तिथे मूर्ती नाही, छप्पर नाही. उघड्यावर उभ्या दगडांवर गीताईचे श्लोक कोरलेत. तिथे गेलात तर सतराव्या अध्यायाचे दगड शोधा. त्यात यज्ञाचे तीन प्रकार सांगितलेत. फळाची आशा न धरता, कर्तव्य म्हणून, विधीप्रमाणे केलेला तो सात्त्विक. दिखाव्यासाठी केलेला तो राजस. आणि विधी नाही, अन्नदान नाही, श्रद्धा नाही, तो तामस. म्हणजे बघा, विधी सोडून द्या असं गीता म्हणत नाही. पण नुसत्या विधीलाही पूर्ण मार्क देत नाही. अन्नदान आणि श्रद्धा पण विचारते.

अन्नदान शब्द आला आणि मला विहिरीवरची मोठीमाय आठवली.

माझ्या देवळीकडच्या मैत्रिणी, आता तुझ्याशी बोलतो. मोठीमायचा राग मानू नकोस. तेरवीचं जेवण कशासाठी सुरू झालं असेल? ज्या घरात माणूस गेलं त्या घराने तेरा दिवस दुःखात काढलेले असतात. तेराव्या दिवशी गाव येतं, पंगत बसते, चार माणसं चार आठवणी सांगतात, आणि घराला कळतं की आपण एकटे नाही. ही रीत चांगलीच आहे. पुढे त्यात दिखावा शिरला, "अमक्याने पाचशे पान उठवलं, आपण कमी का?" असं सुरू झालं, आणि तेरवीसाठी शेतकरी कर्ज काढू लागला, तेव्हा उपचारातली सेवा गेली. तुझ्या आजोबांनी हे पाहिलं असेल म्हणूनच तसं सांगून ठेवलं असेल. पण मोठीमायला तुमच्या घरी येऊन दोन घास खायचे होते, तुझ्या आजीजवळ बसायचं होतं. ते तिचं राहून गेलं. तिच्या प्रश्नात कदाचित टोमणा असेल, कदाचित हेही असेल.

आणि निरोप रीतसर झाला का? पवनारची एक गोष्ट ऐक. १२ फेब्रुवारी १९४८ ला गांधीजींच्या अस्थी पवनारला धाम नदीत विसर्जित केल्या. त्यानंतर विनोबांनी एक नवीन रीत घालून दिली. दर वर्षी १२ फेब्रुवारीला ज्याने त्याने स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी तिथे अर्पण करायची. तिचं नाव सूतांजली. गुंडी म्हणजे ६४० तार, एक तार चार फुटांचा. कमी नाही, जास्तीची अट नाही. गरीब असो, श्रीमंत असो, गुंडी एकच. विकत आणून चालत नाही, स्वतः बसून कातावं लागतं, आणि कातताना आपोआप त्या माणसाची आठवण होते.

काठावर बसून ६४० तार मोजायचे आणि समोर नदी वाहतेय. आठवलं? एक मोजणारी 'रीते' आणि एक वाहणारी 'रीत'. पवनारला दोघी भेटतात.

तुझ्या आजोबांनीही एक रीत घालून दिली आहे. ती यथासांग करायची तर तिला थोडं मोजमाप हवं. शाळेत जा. पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतील तर बाईंना विचारून बाहेर काढ. दाखलवहीत त्यांची रीतसर नोंद कर. आजोबांच्या आठवणीच्या दिवशी दर वर्षी गावातल्या मुलांना त्यातलं एक पुस्तक वाचून दाखव. आणि त्या दिवशी मोठीमायला घरी बोलाव, आजीजवळ बसव, दोघींना पाटावर वाढ. साधी भाकर-भाजी चालेल. आजी गप्प आहे ना? मग कदाचित ती बोलेल.

एवढं झालं की कोणी विचारलंच, "रीतसर केलं का?" तर मान वर करून सांग, "हो, केलं." नुसतं जर्मनीतलं 'रीते' नाही, 'सुम्मा कुम लाउदे'!

आणि आई-बाबांनो, हे पान तुम्हीही वाचता हे मला ठाऊक आहे. घरातला एखादा विधी करताना पोराने "हे कशाला?" असं विचारलं, तर "तसंच असतं" म्हणू नका. माहीत असेल तर सांगा. नसेल तर दोघं मिळून शोधा. प्रश्न विचारल्याने रीत तुटत नाही, वाहती राहते.

दोस्तांनो, या आठवड्याचा अभ्यास : आपल्या घरातली एक रीत निवडा. सणाची, जेवणाची, पेरणीची, कुठलीही. ती कशी करतात ते पाच ओळींत लिहा, आणि ती का करतात ते घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारून आणखी पाच ओळी लिहा. पत्र रीतसर लिहा बरं. म्हणजे तारीख, गाव आणि इयत्ता विसरू नका!

पुढच्या आठवड्यात भेटू 'शिदोरी' या शब्दालाच घेऊन. तोवर,

तुमचा,
शब्दकाका